तळ्याच्या पाण्यातून मासे आणि बेडूक शोधताना : वाचकांचे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे : बंधारे, पाझर तलाव, शेततळी अशा माणसाने निर्माण केलेल्या पाणथळ जागांमध्ये कोणते मासे व उभयचर राहतात, हे पाण्यातील डीएनएवरून कळते का. त्यातली पाच पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे विद्यार्थी दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षिगणनेसाठी जातात. पक्ष्यांची यादी दरवर्षी वाढते, पण पाण्याखाली काय आहे याची आमच्याकडे जवळजवळ काहीच नोंद नाही. पाण्याचा नमुना तपासून त्यातील मासे आणि बेडूक ओळखता येतात, असे वाचनात आले. हे कितपत खरे आहे, आणि मानवनिर्मित जलाशयात ही पद्धत चालते का? (प्राध्यापिका, निफाड)

उत्तर : खरे आहे, मात्र त्याला काही अटी आहेत आणि त्या नीट समजून घेतल्या तरच पद्धतीचा उपयोग होतो. पाण्यात राहणारा प्रत्येक प्राणी आपल्या शरीराचा थोडा थोडा अंश सतत पाण्यात सोडत असतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, बेडकाच्या कातडीचे सुटलेले पापुद्रे, विणीच्या काळातली अंडी आणि शुक्रपेशी या सगळ्यांबरोबर डीएनए पाण्यात येतो. याला पर्यावरणीय डीएनए म्हणतात. पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून गाळायचे, कागदावर अडकलेला डीएनए प्रयोगशाळेत वेगळा करायचा आणि त्यातला ठरावीक तुकडा पीसीआर तंत्राने लक्षावधी पटींनी वाढवून वाचायचा, असा हा क्रम असतो. करोनाच्या साथीत नाकातोंडातल्या स्रावाची जी आरटी-पीसीआर तपासणी आपण सर्वांनी करून घेतली, ती याच तंत्रावर आधारलेली होती. माशांच्या आणि उभयचरांच्या बाबतीत हा तुकडा बहुधा पेशीतल्या तंतुकणिकेच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या) डीएनएमधून निवडतात, कारण तंतुकणिकेच्या डीएनएच्या एका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असतात आणि पाण्यात विरळ झाल्यावरही त्यांपैकी काही हाती लागण्याची शक्यता जास्त असते.

तपासणी दोन प्रकारे होते. आपल्याला एकच जात हवी असेल, तर फक्त त्याच जातीच्या डीएनएला चिकटणारे प्रायमर (प्रयोगशाळेत तयार केलेले डीएनएचे छोटे तुकडे) वापरून ती आहे की नाही एवढेच विचारता येते. संपूर्ण यादी हवी असेल, तर सर्व माशांना किंवा सर्व उभयचरांना समान असलेल्या भागाला चिकटणारे प्रायमर वापरून मिळालेले सगळे तुकडे वाचतात आणि ज्ञात जातींच्या संग्रहाशी ताडून पाहतात. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये माशांसाठी तयार केलेले असे प्रायमर आज जगभर वापरले जातात, आणि त्यांतून वाचला जाणारा तुकडा केवळ १७० अक्षरांच्या आसपास असतो. इतक्या छोट्या तुकड्यावरून जवळच्या नात्यातल्या दोन जाती कधी कधी वेगळ्या करता येत नाहीत, हे अहवाल वाचताना लक्षात ठेवावे.

या पद्धतीची सुरुवातच मुळी बेडकापासून झाली. फ्रान्समध्ये बाहेरून येऊन पसरलेला अमेरिकन बैलबेडूक कोणत्या तळ्यांत आहे, हे २००८ मध्ये केवळ पाण्याच्या नमुन्यांवरून शोधून दाखवण्यात आले. पुढे इंग्लंडमध्ये ग्रेट क्रेस्टेड न्यूट या संरक्षित उभयचराच्या सर्वेक्षणासाठी २०१४ पासून ही तपासणी सरकारी पातळीवर ग्राह्य धरली जाऊ लागली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवविज्ञान संशोधन संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेने ओडिशातील चिलिका सरोवरात पाण्यातील डीएनएवरून जैवविविधतेचा अभ्यास केला आहे. म्हणजे तंत्र परके राहिलेले नाही, आपल्या जिल्ह्यात ते नीट वापरणे तेवढे बाकी आहे.

आता नांदूर मध्यमेश्वर. राज्यातले हे पहिले रामसर स्थळ (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली पाणथळ जागा) मुळात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाले, हे आपल्याला माहीत आहेच. रामसरच्या नोंदीत या ठिकाणच्या अतिसंकटग्रस्त जातींमध्ये गिधाडांबरोबर एका लहानशा माशाचेही नाव आहे. पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी हे त्याचे शास्त्रीय नाव, आणि इंग्रजीत त्याला देवळालीच्या नावाने ओळखतात, कारण १९३८ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले ते देवळालीच्या नमुन्यांवरून. नाशिकच्या माणसाला या माशाविषयी आस्था वाटली पाहिजे असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण घेऊन या पद्धतीची मर्यादा सांगतो.

या वंशातले मासे वाहत्या, खडकाळ ओढ्यांचे आहेत. तोंडाखालच्या चकतीसारख्या भागाने ते धारेत दगडाला धरून राहतात. समजा, बंधाऱ्याच्या संथ पाण्यात त्याचा डीएनए सापडला, तर तो मासा तिथेच राहतो असे लगेच म्हणता येणार नाही, कारण वाहते पाणी डीएनए दूरवर नेते. स्वित्झर्लंडमधील एका नदीत तळ्यातल्या पिसू-कोळंबीसारख्या सूक्ष्म प्राण्याचा डीएनए तळ्यापासून सुमारे १२ किलोमीटर खाली सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा आपल्या माशाची खूण बंधाऱ्यात दिसली, तर वरच्या अंगाला एकेक ओढा तपासत जायचे, हा त्याचा खरा उपयोग. उलट, या जातीच्या खात्रीने ओळखलेल्या माशाचा डीएनए-क्रम ज्या संदर्भसंग्रहात नसेल, त्या संग्रहाशी ताडून पाहिल्यास मासा पाण्यात असूनही त्याचे नाव अहवालात येणार नाही; एखाद्या नातेवाईक जातीचे नाव येईल किंवा फक्त कुळाचे. म्हणून प्रयोगशाळेला पहिला प्रश्न यंत्राविषयी न विचारता तिच्या संदर्भसंग्रहाविषयी विचारावा : दख्खनच्या नद्यांतल्या किती जाती त्यात आहेत, आणि त्या कोणी ओळखून दिल्या आहेत?

नांदूर मध्यमेश्वरसाठी आणखी एक गोष्ट. गंगापूर किंवा दारणा धरणातून आवर्तन सुटले की बंधाऱ्यातले पाणी काही तासांत बदलते आणि त्याबरोबर वरच्या जलाशयांतल्या माशांचा डीएनएही खाली येतो. नमुने आवर्तनापूर्वी, पाणी संथ असताना घ्यावेत आणि त्या दिवशी विसर्ग किती होता याची नोंद नमुन्यासोबत ठेवावी. ही नोंद नसलेली जातींची यादी दोन वर्षांनी कुणालाच वापरता येत नाही.

प्रश्न : ओढ्याकाठची पडीक जमीन खोदून मी प्लास्टिक न अंथरता एक तळे केले आणि त्यात मासे सोडले नाहीत. मृगाच्या सरी पडल्या की मोठे पिवळे बेडूक रात्रभर ओरडतात. फेब्रुवारीत पाणी तपासून घेतले, तर अहवालात पाण्यावरून उड्या मारत जाणाऱ्या लहान बेडकाचे नाव आले, पिवळ्याचे आले नाही. अहवाल चुकीचा आहे का? शिवाय डासांसाठी गप्पी मासे सोडावेत असे गावात सांगतात, ते करू का? (शेतकरी, दिंडोरी तालुका)

उत्तर : अहवाल चुकीचा असेलच असे नाही, आणि आपण ऐकलेला आवाजही खराच आहे. आपण वर्णन केलेला मोठा बेडूक बहुधा भारतीय बैलबेडूक असावा. विणीच्या दिवसांत त्याचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. हा सोहळा पहिल्या जोरदार पावसानंतर काही रात्रीच चालतो. पावसाळा सरला की हे बेडूक तळे सोडतात आणि कोरड्या महिन्यांत जमिनीत दडून राहतात. पाण्यातला डीएनए ऊन, उष्णता आणि जिवाणू यांमुळे काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, ओळखू येणार नाही इतका मोडतो. मग जूनमध्ये पाण्यात असलेल्या बेडकाची खूण फेब्रुवारीच्या पाण्यात कशी सापडावी? लहान बेडूक मात्र वर्षभर पाण्यातच राहतो, म्हणून त्याचे नाव आले.

इंग्लंडमध्ये न्यूटचे नमुने १५ एप्रिल ते ३० जून या काळातच घ्यावेत असा नियम आहे, कारण तो त्याच्या विणीचा हंगाम आहे. आपले वेळापत्रक पावसावर ठरवावे लागेल. पहिला मोठा पाऊस होऊन दोन-तीन आठवडे झाले, तळ्यात भैकेर (बेडकांची शेपटीवाली पिल्ले) दिसू लागले, की पहिला नमुना घ्यावा. वाढणारे भैकेर भरपूर डीएनए सोडतात आणि त्यांच्या दाटीमुळे या काळात खूण मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दुसरा नमुना श्रावणात घ्यावा, म्हणजे उशिरा विणणाऱ्या जाती सुटणार नाहीत. उन्हाळ्यातला नमुना उभयचरांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. माशांसाठी मात्र पाणी कमी आणि संथ असलेले दिवस सोयीचे ठरतात. एकाच बाटलीतून दोन्हींची पूर्ण यादी हवी असा आग्रह त्यामुळे धरू नये.

आपल्या अहवालात आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. पालापाचोळा कुजून चहासारख्या रंगाचे झालेले पाणी किंवा शेवाळाने दाट हिरवे झालेले पाणी पीसीआरची प्रक्रियाच अडवते. त्यातल्या ह्युमिक आम्लांमुळे डीएनए असूनही तपासणी कोरी येते. चांगली प्रयोगशाळा हे ओळखण्यासाठी नमुन्यात ज्ञात डीएनए मुद्दाम मिसळते. तो सापडला, तर तपासणी चालली असे समजायचे. तोही सापडला नाही, तर निष्कर्ष 'आढळला नाही' असा न देता 'अनिर्णित' असा द्यायचा. आपल्या अहवालात या चाचणीचा उल्लेखच नसेल, तर प्रयोगशाळेकडे तो लेखी मागावा. तो आपला हक्क आहे.

गप्पी सोडू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. गप्पी आणि त्याच नावाखाली वाटला जाणारा गंबुशिया हे दोन्ही मासे अमेरिका खंडांतून आणलेले आहेत. गंबुशिया बेडकांची अंडी खातो, भैकेरांच्या शेपट्या कुरतडतो आणि एकदा तळ्यात शिरला की बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते. आपले तळे मासे नसलेले आहे, हीच बेडकांच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी किंमत आहे. एप्रिल-मेमध्ये ते आटत असेल, तर आटू द्यावे. आटणाऱ्या तळ्यात मासे टिकत नाहीत आणि पुढच्या पावसात भैकेरांना मोकळे पाणी मिळते. डासांच्या अळ्या खाणारे चतुरांची पिल्ले आणि पाणकिडे अशा तळ्यात आपोआप येतात.

प्रश्न : या तपासणीवरून तळ्यात मासे किती आहेत हे कळेल का? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : नाही. डीएनए जास्त मिळाला तर मासे जास्त असण्याची शक्यता वाढते, पण एक मोठी मरळ आणि शेकडो पिल्ले यांतला फरक पाणी सांगत नाही. पाण्याचे तापमान, माशांची हालचाल, विणीचा काळ, नमुन्याची जागा या सगळ्यांवर ते प्रमाण बदलते. वय, लिंग, प्रकृती यांविषयीही काही समजत नाही. तंतुकणिकेचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे मत्स्यबीज केंद्रातून आलेला संकरित मासा अहवालात आईच्या जातीच्या नावाने नोंदला जातो. संख्या हवी असेल तर जाळेच टाकावे लागेल.

प्रश्न : शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी तयार केलेल्या एका पाणथळ जागेतील पाण्याच्या अहवालात बांगडा आणि सुरमई ही नावे आली. समुद्र इथून किती दूर! मग सगळाच अहवाल केरात टाकायचा का? (निवृत्त अभियंता, नाशिक रोड)

उत्तर : केरात टाकू नये, कारण या दोन नावांनीच आपल्याला त्या पाण्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. तिथे शहराचे सांडपाणी पोहोचते आहे. स्वयंपाकघरात धुतलेल्या आणि ताटातून पोटात गेलेल्या माशांचाही डीएनए गटारावाटे नदीत येतो आणि शहरांजवळच्या पाण्यात खाण्याच्या समुद्री माशांची नावे मिळणे हा जगभरचा अनुभव आहे. मासळी बाजाराचे धुण्याचे पाणी मिसळत असेल, तर ती खूण आणखी ठळक होते.

खरी अडचण बांगड्याची नाही, कारण तो तिथला नाही हे कुणालाही कळते. अडचण आहे ती रोहू, कटला आणि चिलापी यांची. हे मासे बाजारातही विकले जातात आणि गोदावरीतही राहतात. आपल्या अहवालात त्यांची नावे असतील, तर ती खूण जिवंत माशाची की बाजारातल्या माशाची हे केवळ पाण्यावरून ठरवता येणार नाही. अशा जागी सांडपाणी मिसळण्याच्या वर आणि खाली असे दोन्हीकडचे नमुने घेऊन तुलना करावी, आणि या जातींपुरती जाळ्याने किंवा मासेमारांकडे विचारून खात्री करावी. पक्षीही गोंधळ घालतात. गंगापूरच्या पाण्यात मासा गिळलेला पाणकावळा दुसऱ्या तळ्यावर येऊन विष्ठा टाकतो आणि त्या तळ्यात नसलेल्या माशाची खूण तिथे उमटते. म्हणून एकाच नमुन्यात, एकदाच, अगदी क्षीण मिळालेल्या नावाला 'पुष्टी हवी' असा शेरा द्यावा. निरनिराळ्या जागांच्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा मिळालेले नाव विश्वासाने स्वीकारावे.

प्रयोगशाळेतच किंवा नमुना घेताना मिसळ झाली असण्याची शक्यताही आहे. ती तपासण्याचा मार्ग पुढच्या उत्तरात दिला आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला गावातील पाझर तलावाच्या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यायच्या आहेत. तलावात चिलापी आणि परदेशी मागूर शिरल्याची शंका आहे. नमुने आम्ही स्वतः घेतले तर चालतील का? काय काळजी घ्यावी? (समिती सदस्य, सिन्नर तालुका)

उत्तर : अवश्य घ्यावेत. इंग्लंडमधील न्यूटच्या तपासणीत स्वयंसेवकांनी घेतलेले नमुनेही उपयोगी ठरले आहेत. त्यासाठी प्रशिक्षण आणि शिस्त लागते, पदवी लागत नाही. किंबहुना सगळ्या कामात हा पहिला टप्पाच सर्वांत नाजूक आहे, कारण काठावर झालेली चूक नंतर कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

नमुना घेण्याआधी जाळी, होड्या, चिखलाचे बूट यांना हात लावू नये. नवे हातमोजे घालावेत आणि जागा बदलली की तेही बदलावेत. भांडी आदल्या दिवशी सौम्य ब्लीचच्या पाण्याने धुऊन स्वच्छ पाण्याने खळबळून ठेवावीत, मात्र ब्लीचचे पाणी तलावात किंवा ओढ्यात ओतू नये. पाण्यात उतरू नये. काठावरून लांब दांड्याच्या भांड्याने पाणी घ्यावे, कारण तळाचा गाळ ढवळला की त्यात महिनोन्‌महिने टिकून राहिलेला जुना डीएनए वर येतो आणि आज नसलेला प्राणी आज असल्यासारखा दिसतो. इंग्लंडच्या पद्धतीत एका तळ्याच्या काठावरच्या २० जागांवरून थोडे थोडे पाणी घेऊन ते एकत्र करतात आणि त्याची पीसीआर तपासणी १२ वेळा करतात. आपणही सांडवा, ओढ्याचे तोंड, पाणवनस्पतींचा भाग, उघडा काठ अशा वेगवेगळ्या जागा घ्याव्यात; डीएनए पाण्यात सारखा पसरलेला नसतो.

पावसाळ्यात गाळण्याचे काम संयमाची परीक्षा पाहते. पांढरा गाळणकागद पहिल्या पेलाभर पाण्यातच मातकट होतो, मग थेंब मंदावतात आणि शेवटी पिचकारीचा दट्ट्या जागचा हलत नाही. अशा वेळी जोर लावून कागद फाडू नये. थोडे मोठ्या छिद्रांचे कागद वापरावेत, एका नमुन्यासाठी दोन-तीन कागद घ्यावेत आणि प्रत्येकातून किती पाणी गेले हे लिहून ठेवावे. गाळलेला कागद लगेच अल्कोहोलमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावणात बुडवावा. नुसती पाण्याची बाटली उन्हात मोटारसायकलवरून दुसऱ्या दिवशी पोहोचवली, तर बराचसा डीएनए वाटेतच मोडलेला असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोरा नमुना. शुद्ध पाण्याची बंद बाटली तलावावर न्यावी, तिथेच उघडावी आणि बाकीच्या पाण्याप्रमाणेच गाळून, ती कोरी आहे अशी वेगळी खूण न करता प्रयोगशाळेकडे पाठवावी. त्या नमुन्यात मासा निघाला, तर मिसळ झाली हे लगेच कळेल. हा एक जादा खर्च वाचवण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा, कारण कोऱ्या नमुन्याशिवाय आलेल्या यादीवर कुणी शंका घेतली तर समितीकडे उत्तर नसेल.

चिलापी आणि मागूर यांच्यासाठी संपूर्ण यादीच्या तपासणीपेक्षा त्या त्या जातीची स्वतंत्र तपासणी मागावी. ती स्वस्तही पडते आणि थोड्या डीएनएवरही उत्तर देते. देशी मागूर आणि आफ्रिकेतून आणलेला मागूर हे एकाच वंशातले आहेत, म्हणून त्यांतला फरक आपले प्रायमर नक्की दाखवतात का, हे आधी विचारून घ्यावे. त्याबरोबर तलावात मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना समितीच्या बैठकीत बोलवावे. जाळ्यात काय येते, कोणता मासा कोणत्या वर्षापासून दिसू लागला आणि कोणता दिसेनासा झाला, वाम किंवा मरळ शेवटची कधी मिळाली, हे त्यांच्या तोंडून नोंदवावे. अहवालातील नावे आणि त्यांची माहिती नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावी. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथेच पुढच्या वर्षीचे नमुने घ्यावेत. जाळ्यात मिळालेल्या माशाच्या पराचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये जपून, माशाच्या छायाचित्रासह एखाद्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे दिला, तर संदर्भसंग्रहात आपल्या तलावाच्या माशांची भर पडेल आणि पुढच्या तपासण्या अधिक नेमक्या होतील. असा नमुना देण्यापूर्वी त्याला कोणती परवानगी लागते, हे राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारावे. तलाव अभयारण्याच्या हद्दीत येत असेल, तर पाणी घेण्याआधीही वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळलेले आहेत, त्यामुळे आपल्या तलावाला त्या नियमांचे संरक्षण मिळेल असे गृहीत धरू नये. लोक जैवविविधता नोंदवहीतली तपशीलवार नोंद म्हणूनच अधिक मोलाची आहे. त्या नोंदीत नमुन्याची तारीख, जागा, पाण्याची पातळी, गाळलेल्या पाण्याचे प्रमाण, कोऱ्या नमुन्याचा निकाल आणि प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल एवढे तरी असावे.